लस दिल्यावर पुतणीला झटके आले. सरकारी भरपाईचा फॉर्म कुठे मिळेल?

भाऊ, दीड वर्षाच्या पुतणीला उपकेंद्रात लस दिली, रात्री ताप चढून झटके आले, चार दिवस नागपूरला मेडिकलमध्ये भरती होती. भरपाईचा फॉर्म तहसीलमध्ये मिळतो की झेडपीत, असं तुम्ही विचारलंय. दोन्हीकडे मिळणार नाही. अमेरिकेत १९८८ पासून लसीच्या डोसवर कर घेऊन (आता लस जितके आजार रोखते त्या प्रत्येकामागे ७५ सेंट) निधी जमवतात आणि चूक कोणाची हे न विचारता त्यातून पैसे देतात. ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्याखाली अपंगत्व ६० टक्के ठरलं तर १ लाख २० हजार पौंड एकरकमी मिळतात. आपल्याकडे लेकरांच्या नियमित लसींसाठी असा कायदा नाही. त्यामुळे पुढे काही मागायचं तर कागद आत्ताच धरावे लागतात.

आधी पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) विचारा, 'एईएफआय'चा, म्हणजे लसीनंतर झालेल्या त्रासाचा, रिपोर्ट गेला का? लसीनंतर लेकरू भरती झालं की ती गंभीर घटना धरतात आणि ती जिल्ह्याला तातडीने कळवायची असते. घोळ नेमका इथेच होतो. पालक थेट नागपूर गाठतात, डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'तापातले झटके' येतं, आणि पीएचसीला पत्ताच नसतो. रिपोर्ट गेला नसेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. लसीकरण कार्ड आणि डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स लावा. लस किती वाजता दिली, पहिला झटका किती वाजता आला, ते लिहा. कारण ठरवताना हेच अंतर पाहतात. बॅच नंबर कार्डावर नसेल तर सिस्टरच्या नोंदीतून मागा. त्या दिवशीच्या बाकी लेकरांचं आशाताईंना विचारा. एकाच कुपीतल्या दोन-चार जणांना उलट्या-जुलाब झाले असतील तर संशय हाताळणीवर जातो: गोवर-रुबेलाची द्रावण मिसळून तयार केलेली कुपी ४ तासांनंतर वापरायची नसते.

त्रास लसीमुळेच झाला का हे तपासणाऱ्या एईएफआय समितीने काय ठरवलं ते माहिती अधिकारात मागता येतं. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. अर्ज मुलीच्या वडिलांच्या नावाने करा. काकाने केला तर 'तिऱ्हाईताची माहिती' म्हणून परत येऊ शकतो.

ग्राहक आयोगात जा, असं कोणी सांगेल. सर्वांना फुकट मिळणारी सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलंय. उरतं दिवाणी कोर्ट किंवा हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे बायका-मुलांना वकील फुकट मिळतो.

पण मुलगी आता खेळती असेल तर मी कोर्टाचा सल्ला देणार नाही. तापातले झटके सहसा मागे काही ठेवत नाहीत, आणि अशा केसला ब्रिटनमध्येही पैसे मिळाले नसते. पुढच्या लसीआधी मात्र झटक्यांचं सिस्टरला सांगा आणि बालरोगतज्ज्ञाला विचारूनच लस द्या. चालण्या-बोलण्यात मागे पडतेय असं वाटलं तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात दाखवा, तिथे तपासणी मोफत आहे.