निवृत्तीचे पैसे फ्रँचायझीत घालावेत का?

प्रश्न: मुलगा बी.कॉम. आहे. वर्धा रोडवरच्या एका बर्गर आउटलेटमध्ये दीड वर्षापासून काम करतो, हातात 13,000 पडतात. ‘दुसऱ्याकडे राबण्यापेक्षा आपलीच फ्रँचायझी घेऊ’ म्हणतो. एका नव्या ब्रँडने 20 लाख सांगितलेत. ह्यांच्या निवृत्तीचे पैसे घालावेत का?
– एक आई, मनीषनगर, नागपूर

उत्तर: ताई, आधी एका महिन्याचा हिशेब मांडू. समजा, जीएसटी सोडून विक्री 5 लाख. माल आणि पॅकिंग 35 टक्के, म्हणजे 1,75,000. ब्रँडच्या कंपनीला द्यायची रॉयल्टी विक्रीच्या 6 टक्के, जाहिरात निधी 2 टक्के. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 47,200. भाडं 60,000, जीएसटीसह 70,800. (गाळामालकाची जीएसटी नोंदणी नसली तरी ऑक्टोबर 2024पासून हा कर नोंदणीकृत भाडेकरूनेच भरायचा असतो. गाळा बघताना हे कुणी सांगत नाही.) 2 लाखांची विक्री अ‍ॅपवरून, त्यावर 25 टक्के कमिशन, करासह 59,000. पगार 1,10,000. वीज 35,000, आपल्याकडच्या मे महिन्यात एसी आणि डीप फ्रीजर हा आकडा सहज ओलांडतात.

बेरीज 4,97,000. उरले 3,000. फ्रायरची दुरुस्ती, फेकावे लागलेले बन आणि 20 लाखांवरचं व्याज अजून धरलेलंच नाही.

मेख करात आहे. रेस्टॉरंटने गिऱ्हाइकाकडून 5 टक्के जीएसटी घ्यायचा, पण भाडं, रॉयल्टी, कमिशनवर स्वतः भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे त्यातून वजावट, मिळत नाही. दुसरं, रॉयल्टी विक्रीवर असते, नफ्यावर नाही. तुम्ही तोट्यात असलात तरी कंपनीचे 30,000 सुटतात.

मुलाचा पगार का अडलाय, तेही इथेच कळतं. माल कंपनीकडूनच घ्यायचा, रॉयल्टी ठरलेली, भाडं करारातलं. मालकाला आवळता येतो तो पगारच.

पिझ्झा-बर्गरच्या मोठ्या नावांचा विचार असेल तर तो सोडाच. आपल्याकडे डॉमिनोज जुबिलंट फूडवर्क्स चालवते, महाराष्ट्रातलं मॅकडोनाल्ड्स वेस्टलाइफ. 20 लाख घेऊन ही दुकानं कुणाला देत नाहीत. ‘नोंदणी शुल्क’ मागणारी वेबसाइट दिसली की समजा, फसवणूक आहे.

नव्या ब्रँडकडे त्यांच्या चालू आउटलेटचे 12 महिन्यांचे जीएसटीआर-3बी, म्हणजे खरी विक्री दाखवणारी जीएसटीची विवरणपत्रं, मागा. प्रोजेक्शनच्या, म्हणजे अंदाजी विक्रीच्या, शीटवर जाऊ नका. बंद पडलेल्या आउटलेटच्या मालकांचे नंबर मागा, टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. करारात तीन गोष्टी बघा: तुमच्या परिसरात कंपनीला दुसरं आउटलेट किंवा क्लाउड किचन (फक्त घरपोच ऑर्डरचं स्वयंपाकघर) काढता येतं का, लॉक-इन (करार सोडता न येण्याची मुदत) किती, डिपॉझिट केव्हा परत.

मुलाने सध्या नोकरी सोडू नये, पण काउंटरवरून हलावं. रात्रीचं क्लोजिंग, साठ्याची मोजणी, वेस्टेज शीट (वाया गेलेल्या मालाची नोंद) आणि शिफ्टचं रोस्टर लावणं, ही कामं मागून घ्यावीत. शिफ्ट मॅनेजरच्या मुलाखतीत फूड कॉस्ट, म्हणजे विक्रीत मालाचा खर्च किती टक्के, कशी काढता, हे विचारतात. बी.कॉम. असल्याने त्याला ते जड जाणार नाही. सहा महिन्यांत ही कामं मिळाली नाहीत, तर कंपनी स्वतः चालवते अशा साखळीत अर्ज करावा. पीएफ कापत असतील तर पासबुकात तो जमा होतोय का, हे मात्र आजच बघायला सांगा.