भटकंतीचे सवाल-जवाब : चंबा म्हणजे डलहौसीहून अर्ध्या दिवसात उरकायचं गाव आहे का?

प्रश्न : ताई, ऑक्टोबरमध्ये मी, मिस्टर आणि सासूबाई (वय 68, गुडघे दुखतात) असे हिमाचलला चाललोय. मनालीची गर्दी नको म्हणून टूरवाल्याने डलहौसी 3 रात्री असा प्लॅन दिलाय, त्यात एक दिवस खज्जियार आणि चंबा. चंब्याला फक्त दोन तास, "लक्ष्मीनारायण मंदिर करून परत". मला जुनी गावं फार आवडतात म्हणून वाटतंय तिथेच राहावं, पण मिस्टर म्हणतात तिथे आहे काय एवढं? राहण्यासारखं आहे का, आणि थंडी किती असेल?
— नकाशावर बोट ठेवून बसलेली

उत्तर : मिस्टरांना सांगा, मी पण आधी हेच म्हणायचे. माझी पहिली चंबा ट्रिप डिट्टो तुमच्या टूरवाल्याच्या प्लॅनसारखी झाली होती, म्हणजे डलहौसीहून टॅक्सी, खज्जियारला घोडेवाल्यांशी हुज्जत, मग तासभर वळणं घेत घेत खाली, चंबा येईपर्यंत दुपार झालेली आणि पोटात ढवळतंय, देवळात पाच मिनिटं हात जोडले आणि म्युझियमला गेले तर सोमवार. सोमवारी ते बंद असतं हे गेटवर उभं राहिल्यावर कळलं. घरी येऊन वर्षभर सगळ्यांना सांगत होते की चंब्यात काही नाहीये हो. पुढे एकदा तीन रात्री राहिले आणि स्वतःचे शब्द गुपचूप गिळले.

आता आधी थंडीचं सांगते कारण तिथेच लोकांची फसगत होते. चंबा हे हिल स्टेशन नाहीये. डलहौसी साधारण 2000 मीटरवर आहे आणि चंबा जेमतेम 1000 मीटरवर, रावी नदीच्या काठाला, त्यामुळे डलहौसीहून चंब्याला जाताना तुम्ही डोंगर उतरता, चढत नाही. ऑक्टोबरात दिवसा छान असतं, संध्याकाळी स्वेटर पुरतो. मे-जूनमध्ये मात्र चांगलं उकडतं तिथे. आणि शांत वगैरे अजिबात नाही बरं का, जिल्ह्याचं ठिकाण आहे, बसचे हॉर्न, कॉलेजची पोरं, कोर्टकचेरीला आलेले लोक, सगळं आहे. तुम्हाला देवदारांत चहाचा कप घेऊन बसायचं असेल तर डलहौसीच बरी, मी उगाच आग्रह नाही करणार. पण जुनी गावं आवडतात म्हणताय ना, मग ऐका.

राजा साहिल वर्मन याने साधारण इ.स. 920 च्या सुमारास भरमौरहून राजधानी हलवून हे गाव वसवलं, आणि नाव पडलं त्याच्या मुलीवरून, चंपावतीवरून, तिचं देऊळ गावात आजही आहे. म्हणजे आपली यादवांची देवगिरी वसली त्याच्याही अडीचशे वर्षं आधीची गोष्ट. तेव्हापासून 1948 साली हिमाचलमध्ये विलीन होईपर्यंत हे संस्थान टिकलं, आडबाजूला डोंगरात असल्याचा फायदा, दुसरं काय. म्हणून मूर्ती, ताम्रपट, कागदपत्रं बरीच शिल्लक राहिली, आणि राजवाडा जो आहे, अखंड चंडी, त्यात पुढे सरकारी कॉलेज भरलं. गाव थांबलेलं नाहीये, जुन्यातच नवं चालू आहे, आणि हे दोन तासांत दिसत नाही हो, सकाळी दूधवाला आणि देवळाची घंटा एकाच वेळी ऐकू येते तेव्हा कळतं.

लक्ष्मीनारायणाला जाल तेव्हा फक्त गाभाऱ्यात डोकावून परत फिरू नका, मागे सरका आणि वर बघा. सहा दगडी शिखरं एका ओळीत, विष्णूची तीन आणि शंकराची तीन, आणि शिखरांवर लाकडी छत्र्या बसवल्यात, पाऊस आणि बर्फ घसरून जावा म्हणून. मैदानी प्रदेशातली नागर शैली (उंच दगडी शिखरांची) डोंगरात आली आणि तिला छत्री घ्यावी लागली, मला तर फार गोड वाटतं ते. तसंच चौगान म्हणजे गावातल्या मैदानाच्या कडेला हरिरायाचं, म्हणजे विष्णूचं देऊळ आहे, त्यातली विष्णूची धातूची मूर्ती 1971 मध्ये चोरीला गेली होती आणि नंतर परत मिळाली. दागिन्यांवरची कारागिरी बघा, चोराची नजर तयार होती एवढं कळतं.

म्युझियमला मात्र निवांत दोन तास द्या. भूरी सिंग म्युझियम, 1908 सालचं, राजा भूरी सिंगने घरातली चित्रं वगैरे देऊन सुरू झालेलं. पहाडी मिनिएचर्स (बारीक लघुचित्रं) बघायला सगळे जातात, ती सुंदर आहेतच, पण माझा जीव अडकलाय पाणवठ्याच्या शिळांमध्ये. इथे पूर्वी माणूस गेला की त्याच्या नावाने गावच्या झऱ्यावर कोरीव दगड उभा करायचे, पुण्य लागावं म्हणून, त्यावर वरुण, नद्या, देव, मासे, आणि कुणाच्या स्मरणार्थ ते लिहिलेलं. आपल्याकडे वीरगळ तसं त्यांच्याकडे हे, फक्त इथे लढाईऐवजी पाणी आहे.

आणि पाण्यावरून आठवलं, सुईमाता. गावात पाणी आणायला पाट खणला पण पाणी काही येईना, मग कौल आला की राणीचा नाहीतर राजपुत्राचा बळी हवा, राणी म्हणाली मी जाते, आणि तिला जिवंत पुरलं तेव्हा पाणी वाहिलं अशी गोष्ट सांगतात. शिळासप्तमीच्या कहाणीत तळ्याला पाणी लागावं म्हणून सुनेच्या मुलाचा बळी मागतात ना, ऐकताना मला तीच आठवली. फरक इतकाच की आपल्या कहाणीत मुलगा परत मिळतो, इथे राणी मिळत नाही. तिच्या नावाची चैत्रात जत्रा असते, बायका आणि मुलांची. देऊळ गावाच्या वरच्या उतारावर आहे, पायऱ्या आहेत, सासूबाईंना खालीच बसवा.

सासूबाईंसाठी खरं तर चौगानच सगळ्यात बेस्ट आहे. गावाच्या मध्यावर लांबलचक सपाट हिरवळ, डोंगरात एवढी सपाट जागा म्हणजे चैन आहे, संध्याकाळी अख्खं गाव तिथे फिरायला येतं. सरकारी टुरिझमचं हॉटेल इरावती चौगानला लागूनच आहे म्हणजे चढ-उताराची कटकट नाही (इरावती म्हणजे रावीच, जुनं नाव). वर चामुंडा देवीला शेकडो पायऱ्या आहेत पण गाडीनेही जाता येतं, लाकडावरचं कोरीवकाम आणि टांगलेल्या घंटा बघण्यासारख्या, आणि रावीचं वळण तिथूनच नीट दिसतं. जेवायला राजम्याचा मदरा मागा, दह्यातला असतो, त्यांना पचेल. चुख मात्र बोटावर घेऊन आधी तुम्ही चाखा, ती मिरचीची चटणी आहे आणि कोणावर दया करत नाही.

भरमौर? मोह होईल, कारण जुनी राजधानी तीच, आणि तिथल्या लक्षणा देवीच्या मूर्तीवर गुग्गा नावाच्या कारागिराचं नाव कोरलेलं आहे, साधारण तेराशे वर्षांपूर्वीचं, त्या काळातल्या कारागिराचं नाव कळणं म्हणजे लॉटरीच. पण साठेक किलोमीटरला तीन तास लागू शकतात आणि रस्ता दरीच्या कडेकडेने, तर गुडघेवाल्या माणसाला एका दिवसात नेऊन आणू नका. मिस्टरांना एकट्याला पाठवा, आपोआप मत बदलेल.

तर माझा हिशोब असा : चंबा दोन रात्री, डलहौसी एक, आणि त्या दोन दिवसांत सोमवार आला तर तारखा हलवा. ट्रेनने येत असाल तर जम्मूकडच्या बऱ्याच गाड्या पठाणकोट कँटला थांबतात, पठाणकोट जंक्शन हे वेगळं स्टेशन आहे, टॅक्सीवाल्याला नीट सांगा नाहीतर तो तिकडे आणि तुम्ही इकडे. तिथून चंबा 120 किलोमीटरच्या आसपास, डलहौसीच्या अलीकडच्या बनीखेत गावाहून सरळ जाता येतं, डलहौसीत चढायची गरज नाही. पाच तास धरा आणि उजेडात पोचा.

प्रश्न : मिंजरच्या जत्रेसाठी जुलैअखेर चंब्याला जावं का?
— सुट्टी मंजूर झालेला

उत्तर : जत्रा सॉलिड आहे, वेळ वाईट आहे. श्रावणातली ही आठवडाभराची जत्रा, मिंजर म्हणजे मक्याचा तुरा, त्याच्यासारखा जरीचा गोंडा कपड्यांना लावतात आणि शेवटी मिरवणुकीने नेऊन रावीत सोडतात. देवाला वाहायची मिंजर एक मुसलमान कुटुंब पिढ्यानपिढ्या बनवत आलंय, हे मला त्या सगळ्या गर्दीपेक्षा जास्त आवडलं. पण ऐन पावसाळा असतो, दरड कोसळली की रस्ता कधी उघडेल ते कोणी सांगू शकत नाही. परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवता येत असतील तर जा. नसतील तर रजा ऑक्टोबरात ढकला.

प्रश्न : चंबा रुमाल बाजारात दोनशेलाही मिळतो आणि दुसरीकडे हजारांत सांगतात. फसवतायत का?
— घासाघीस एक्स्पर्ट

उत्तर : दोनशेवाला फसवतोय. खऱ्या रुमालाला दो-रुखा टाका असतो, रेशमाने दोन्ही बाजूंना एकसारखं भरतात, मागे गाठ दिसत नाही. उलटा करून बघा, सुलट कुठलं ते कळलं नाही तर खरा. पूर्वी दरबारातले चित्रकार त्यावर रासमंडल वगैरे रेखाटून द्यायचे आणि बायका भरायच्या, आणि भेटीचं किंवा नैवेद्याचं ताट झाकायला तो वापरायचे. एकेकाला आठवडे, कधी महिने जातात, तेव्हा तिथे घासाघीस करू नका. ती खज्जियारच्या घोडेवाल्यांसाठी ठेवा.