लघुग्रहासाठी वेगळा आराखडा लिहायला बसू नका (माझी अडीच वर्षं त्यात गेली)

तुमची पोस्ट वाचताना माझीच जुनी नस्ती कुणीतरी समोर आणून ठेवल्यासारखं झालं. सात वर्षं आपत्ती व्यवस्थापनात काढलीत, पूर, आग, भूकंप सगळं हाताळलंत, आता ग्रहसंरक्षणात (म्हणजे लघुग्रह पृथ्वीवर आदळण्याच्या धोक्यापासून बचावात) काम करायचंय आणि साहेब म्हणतात हा खगोलवाल्यांचा विषय, तेव्हा नोकरीतून रजा घेऊन खगोलभौतिकीत पीएचडी करू का, असं विचारलंत. माझं मत स्पष्ट आहे, करू नका. (माझा अनुभव एकाच यंत्रणेतला आहे, तुमचे सेवा नियम वेगळे असतील, रजा आणि प्रतिनियुक्तीचं आस्थापना शाखेला विचारूनच ठरवा.) दुर्बिणीवर बसणारे आणि कक्षा काढणारे लोक आहेत आणि ते उत्तम काम करतायत, पण त्यांनी आकडा हातात दिल्यावर कुणाला फोन करायचा, कुठला भाग रिकामा करायचा, लोकांना काय सांगायचं हे कळणारी माणसं कमी आहेत आणि ते काम तुम्ही आत्ताही करताय.

नियंत्रण कक्ष, प्रतिसाद प्रणाली वगैरे तुम्हाला माहीत आहे म्हणून सोडून देतो. मला सगळ्यात महाग पडलेली चूक सांगतो.

रशियात चेल्याबिन्स्कजवळ आकाशात लघुग्रह फुटला, त्या घटनेनंतर मी झपाटल्यासारखा कामाला लागलो आणि रात्री जागून स्वतंत्र 'लघुग्रह आघात कृती आराखडा' लिहिला. ८४ पानं, त्यातली पहिली तीस नुसत्या खगोलाची. मंजुरीसाठी वरच्या एका कार्यालयाकडे पाठवला, नाव घेत नाही. तिथून शेरा आला 'विज्ञान विभागाचे अभिप्राय घ्यावेत', विज्ञानवाल्यांनी लिहिलं 'विषय आपत्तीचा असल्याने परत', मग वर्षभर काहीच नाही, मी दर महिन्याला स्मरणपत्र पाठवतोय, आणि शेवटी 'सदर बाब अधिसूचित आपत्तींच्या यादीत नाही, सबब कार्यवाहीची आवश्यकता नाही'. नस्ती हातात आली तेव्हा आतल्या घडीच्या नकाशाला मी लावलेली टाचणी जशीच्या तशी होती, म्हणजे अडीच वर्षांत तो कुणी उघडूनसुद्धा बघितला नव्हता. त्याचा राग अजून गेलेला नाही. त्या काळात एक चांगली प्रतिनियुक्तीही मी सोडली, का तर आराखडा मंजूर होईल या आशेवर.

पण चूक माझीही होती. मी त्यांना नवा विषय दिला, आणि नव्या विषयाला कार्यालयात कुणी वाली नसतो.

नंतर मी त्यातली दोनच पानं ठेवली आणि आमच्या आधीच मंजूर असलेल्या बहुआपत्ती आराखड्याच्या वार्षिक उजळणीत परिशिष्ट म्हणून घातली. खगोल शून्य, फक्त परिणाम, म्हणजे धक्कालहर, फुटलेल्या काचा, उष्णता, आगी, समुद्रात पडला तर लाटा. टेबलटॉप सरावात (यंत्रणा न हलवता टेबलाभोवती बसून केलेल्या सरावात) मी चेल्याबिन्स्कचंच उदाहरण ठेवलं. १५ फेब्रुवारी २०१३, साधारण २० मीटरचा दगड, सूर्याच्या बाजूने आल्यामुळे आधी कुणालाच दिसला नाही, दीड हजारच्या आसपास लोक जखमी आणि बहुतेक काचांनी, कारण उजेड बघायला माणसं खिडकीशी आली आणि दोन मिनिटांहून थोड्या जास्त वेळाने धक्का पोचला. आमचे अग्निशमन अधिकारी म्हणाले, "हे कारखान्यातल्या स्फोटासारखंच झालं की," त्यांनी स्वतःच्या फायलीतून स्फोटाच्या आराखड्याचं पान काढलं, पेन्सिलने 'कारखाना' खोडून वर 'आकाशातील स्फोट' लिहिलं आणि खाली भर घातली, 'उजेड दिसताच खिडकीपासून लांब, जमिनीवर आडवे'. पाच मिनिटांत झालं हे.

साहेबांना पटवायचं असेल तर नासाच्या डार्ट यानाने डिमॉर्फोस या लघुग्रहाला मुद्दाम धडक दिली ते सांगत बसू नका, ते ऐकून त्यांना वाटतं की अंतराळवालेच बघून घेतील. त्याऐवजी २०२२ चा नासा आणि फेमाचा (अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेचा) सराव सांगा. त्यातला काल्पनिक लघुग्रह आघाताच्या सहाच महिने आधी सापडतो आणि यान पाठवायला वेळच उरत नाही, म्हणजे सगळा भार जमिनीवरच्या यंत्रणेवर. शिवाय आंतरराष्ट्रीय लघुग्रह इशारा जाळ्याचे ठरलेले निकष दाखवा: १० मीटरहून मोठा आणि धडकेची शक्यता १ टक्क्याच्या वर गेली की इशारा, आणि २० मीटरहून मोठा, २० वर्षांच्या आत, शक्यता १० टक्क्यांच्या वर असेल तर जमिनीवरची तयारी सुरू करावी अशी शिफारस. कार्यालयाला असा लेखी आधार लागतो, तो मिळाला की सही होते.

अजून एक, हे थोडं विषयांतर आहे पण प्रेसनोटचा मसुदा आजच करून ठेवा. २०२४ वायआर४ या लघुग्रहाच्या वेळी २०३२ च्या धडकेची शक्यता वाढत वाढत १८ फेब्रुवारी २०२५ ला ३.१ टक्क्यांवर गेली आणि मग काही दिवसांत जवळजवळ शून्यावर आली. हे असंच होतं, कारण सुरुवातीला लघुग्रह कुठून जाईल याची पट्टी रुंद असते, निरीक्षणं वाढली की ती आखडते, पृथ्वी पट्टीत असेपर्यंत टक्का चढत जातो आणि पट्टी पृथ्वीवरून सरकली की एकदम कोसळतो. हे पहिल्याच दिवशी लोकांना सांगितलं नाही तर आकडा वाढताना घबराट होते आणि उतरल्यावर लोक म्हणतात काहीतरी लपवलं. नकाशावर संभाव्य आघाताची लांब रेघ दाखवाल तेव्हा तिच्या खालीच लिहा की दगड रेघेवर फार तर एका ठिकाणी पडेल, नाहीतर लोक अख्ख्या रेघेवर विनाश समजतात. आमच्या सरावात अनुभवी लोकांनीसुद्धा तसाच चुकीचा अर्थ घेतला.

शिकायचंच असेल तर संभाव्यता आणि अनिश्चितता समजेल एवढं गणित आणि नकाशाचं सॉफ्टवेअर शिका, संध्याकाळच्या कोर्सवर भागतं, आणि जवळच्या वेधशाळेतल्या एका तरी माणसाशी ओळख ठेवा. तुमच्या आराखड्याची यंदाची उजळणी कधी आहे ते आधी बघा, साधारण दोन महिने आधी मसुदा हातात पाहिजे. दोन पानं लिहून झाली की इथे टाका, धक्कालहरीचा भाग मी नजरेखालून घालतो.