‘सदोष मनुष्यवध’मधला दोष

प्रश्न असा आहे : सिंगापूरमध्ये घरकामाला ठेवलेल्या म्यानमारच्या मुलीचा छळ करून जीव घेणाऱ्या मालकिणीची बातमी वाचली. ‘खुनाऐवजी सदोष मनुष्यवधासाठी ३० वर्षांची शिक्षा’ असं त्यात होतं. सदोष म्हणजे ज्यात खोट आहे असं काही. सदोष मीटर, सदोष मतदारयादी. मग सदोष मनुष्यवध म्हणजे काय, नीट न जमलेला? आणि निर्दोष मनुष्यवध कुठला? शिवाय अशा गुन्ह्यांना तिथे ‘दीडपट शिक्षा’ असते असंही त्यात होतं, ती कशी मोजतात? आणि बातमीत हे लिहायचं तरी कसं?

प्रश्न चिडून विचारला आहे, आणि चिडण्यासारखंच आहे ते.

आधी निर्दोष मनुष्यवधाचं बघू, कारण तो खरोखरच असतो. कायद्यात त्याला हे नाव दिलेलं नाही, पण गोष्ट आहे. कोयता घेऊन अंगावर आलेल्या माणसाला जीव वाचवण्यासाठी ढकललं आणि तो मेला, तर माणूस मेला हे खरं, पण मारणारा दोषी नाही. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८० खाली तर उदाहरणच दिलेलं होतं : एकजण कुऱ्हाडीने काम करतो आहे, पातं निसटतं आणि शेजारी उभ्या माणसाला लागून तो मरतो. काम करणाऱ्याने योग्य ती काळजी घेतली असेल तर तो गुन्हा नाही.

म्हणजे ‘सदोष’मधला दोष त्या कृत्यातली उणीव दाखवत नाही, तो करणाऱ्याच्या माथी येणारा दोष आहे. दोषी, निर्दोष, दोषारोप, दोषसिद्धी, दोषमुक्त हे सगळं त्याच घरातलं. रोजच्या मराठीत मात्र ‘सदोष’ हा शब्द यंत्रांना, याद्यांना आणि मालाला चिकटला. कोर्टाच्या भाषेत त्याचा जुना अर्थ राहिला आणि बाहेर तो बदलला, म्हणून कानाला खटकतं. हिंदीत यालाच ‘आपराधिक मानव वध’ म्हणतात, गुजरातीत ‘सापराध मनुष्यवध’. मला विचाराल तर गुजराती शब्द जास्त चांगला आहे. ‘निरपराध’ आपण रोज वापरतो, त्याच्या उलट ‘सापराध’ हे कुणालाही सांगावं लागलं नसतं. हिंदी वर्तमानपत्रांत दिसणारा ‘गैर इरादतन हत्या’ हा शब्द मात्र उचलू नये. त्यातून मारण्याचा इरादा नव्हता असा अर्थ निघतो, आणि या गुन्ह्यात इरादा असूही शकतो.

‘वध’ हा शब्दही इथे अवघडच. आपल्याकडे वध कंसाचा होतो, अफजलखानाचा होतो. जो मेला तो मरण्याच्याच लायकीचा होता, असं हा शब्द न बोलता सांगून जातो. कायद्याला यातलं काहीच म्हणायचं नाही. माणसाने माणसाला मारणं एवढाच कोरा अर्थ त्याला हवा आहे. पण चोवीस वर्षांच्या मुलीच्या बातमीत ‘वध’ वाचताना मराठी माणसाला कसंतरी होणारच.

आता ‘खुनाऐवजी’. बातमीतला खरा घोळ इथे आहे. कायद्याच्या रचनेत सदोष मनुष्यवध हा मोठा वर्ग आणि खून हा त्याच्या पोटातला. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली एका निकालात हे अगदी स्वच्छ मांडलं : प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतो, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध खून नसतो. म्हणून कायद्याच्या मराठीत पूर्ण नाव येतं ते ‘खून या सदरात न मोडणारा सदोष मनुष्यवध’. मथळ्यात एवढं मावत नाही, पुढचा अर्धा भाग छाटला जातो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की चुकून मेली असेल. चुकून किंवा हयगयीने जीव जाण्याचं कलम वेगळंच आहे. आपल्याकडे ते ३०४-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १०६ झालं. सदोष मनुष्यवधाला लागते ती जाणीव : आपण जे करतो आहोत त्याने माणूस मरू शकतो, हे करणाऱ्याला ठाऊक असणं. तेवढी तरी हवीच, उद्देश असला तर प्रश्नच नाही.

सिंगापूरचा दाखला आपल्या शब्दचर्चेत इतका चपखल बसतो याला कारण आहे. तिथला दंडविधान कायदा १८६० च्या भारतीय दंड संहितेवरूनच १८७१ साली घेतला गेला. आपल्याकडे ‘तीनशे दोन लागली’ म्हणजे काय हे शाळेतल्या पोराला कळतं, आणि सिंगापूरमध्ये खुनाच्या शिक्षेचं कलम आजही ३०२ च आहे. आपलं १०३ झालं.

त्या प्रकरणात काय घडलं होतं तेही सांगायला हवं, नाहीतर शब्दाची चर्चा हवेत राहील. मुलगी मे २०१५ मध्ये कामाला लागली तेव्हा तिचं वजन ३९ किलो होतं. जुलै २०१६ मध्ये ती मेली तेव्हा २४. पाण्यात भिजवलेला पाव किंवा फ्रीजमधलं थंडगार अन्न, तेही थोडंसं. रात्री पाच तासांची झोप. आंघोळ आणि शौच दार उघडं ठेवून. शेवटच्या दिवसांत तिला रात्री खिडकीच्या गजाला बांधून ठेवत. घरात नजर ठेवायला कॅमेरे कुटुंबानेच बसवले होते, आणि त्यांतलं ३५ दिवसांचं चित्रण पुढे पुरावा म्हणून उभं राहिलं.

आरोप सुरुवातीला खुनाचाच होता. तो सदोष मनुष्यवधावर आला तो मालकिणीच्या मानसिक आजाराच्या वैद्यकीय अहवालांमुळे. खून कशाला म्हणायचं हे सांगणाऱ्या सिंगापूरच्या कलम ३०० ला एक सातवा अपवाद आहे : मानसिक विकारामुळे करणाऱ्याची जबाबदारी बरीच कमी झालेली असेल तर तो खून ठरत नाही. आपल्या कायद्यात असे अपवाद पाचच आहेत, हा त्यांत नाही. तेव्हा गुन्ह्याचं नाव बदललं ते क्रौर्य कमी होतं म्हणून नव्हे. न्यायाधीशांनी तर सदोष मनुष्यवधाच्या सर्वांत वाईट प्रकरणांमध्ये याची गणना केली. सरकारी पक्षाने जन्मठेप मागितली होती, जून २०२१ मध्ये ३० वर्षं दिली गेली. उपाशी ठेवून जबर दुखापत करणं, डांबून ठेवणं हे आरोप वेगळे, त्यांची शिक्षा त्यातच धरलेली आहे. मालकिणीच्या आईलाही पुढे २०२३ मध्ये १४ वर्षांची शिक्षा झाली.

‘दीडपट शिक्षा’ हा बातमीतला शब्दप्रयोग चुकीचा आहे, असं मी ठामपणे म्हणेन. न्यायाधीश आधी शिक्षा ठरवतात आणि मग तिला दीडने गुणतात, असा समज त्यातून होतो. तिथल्या कलम ७३ ने वाढते ती कमाल मर्यादा. दुखापत, डांबून ठेवणं असे ठरावीक गुन्हे घरकामगारावर मालकाने किंवा त्याच्या घरातल्यांनी केले, तर त्या गुन्ह्याची जी कमाल शिक्षा, तिच्या दीडपटीपर्यंत कोर्टाला जाता येतं. ही तरतूद १९९८ मधली, २०२० पासून ती दुपटीपर्यंत नेली आहे. मराठीत ‘कमाल शिक्षेची वाढीव मर्यादा’ म्हणावं, किंवा सरळ ‘दुपटीपर्यंत शिक्षा देता येते’. ‘पर्यंत’ गाळू नये, सगळा अर्थ त्यावर आहे.

आपल्याकडे अशी वेगळी तरतूद नाही. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आहे, पण तो नोंदणी आणि कल्याणकारी लाभांपुरता. मोलकरणीला चटके दिले तरी मालकाला लागतं ते कुणालाही लागणारं दुखापतीचं कलम. जिचं जेवण, झोप आणि घराबाहेर पडणं मारणाऱ्याच्याच हातात आहे, तिला झालेली दुखापत आणि रस्त्यावरच्या भांडणातली दुखापत कायद्याने एका मापाने मोजू नये, असं मला मनापासून वाटतं.

राहिला तुमचा मुद्दा, बातमीत लिहायचं कसं. ‘सदोष मनुष्यवध’ काढून टाकता येणार नाही, आरोपाचं नाव तेच आहे. ‘खुनाऐवजी’ मात्र काढावं आणि कारण त्याच वाक्यात द्यावं : ‘मालकिणीच्या मानसिक विकारामुळे हा गुन्हा खुनाच्या सदरात धरला गेला नाही, सदोष मनुष्यवध आणि छळाच्या इतर आरोपांसाठी तिला ३० वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली.’ वाक्य लांब होतं, होऊ द्या.