दोन्ही हातांना मुंग्या येतात, रात्री हात बधिर होतो, रिपोर्ट नॉर्मल आहेत. कारण काय असेल?

तुम्ही लिहिलंय की वय 34, दोन महिने दोन्ही हातांना मुंग्या येतायत, रात्री हात बधिर होऊन जाग येते, ईसीजी आणि शुगर नॉर्मल आली म्हणून डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका. मी डॉक्टर नाही पण हेच दीड वर्ष भोगलंय म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट. मुंग्या अचानक एकाच बाजूला आल्या आणि सोबत तोंड वाकडं झालं, बोलताना जीभ जड झाली, हात उचलेना, तर विचार करत बसू नका, तो पॅरालिसिसचा झटका असू शकतो, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, 108 ला फोन करा. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला आणि हात भरून आला तरी तेच. तुमचं दोन महिने हळूहळू चाललंय, त्यामुळे हे तसलं वाटत नाही, पण घरात सगळ्यांना माहीत असावं.

आता माझं. डोंबिवली ते सीएसएमटी रोजची लोकल, वर हँडल धरून उभी राहिले की ठाणं यायच्या आत उजवा हात मेल्यासारखा व्हायचा. रात्री तीनला जाग यायची आणि हात झटकत बसायचे, झटकला की बरं वाटायचं. मेडिकलवाल्याने बी कॉम्प्लेक्स दिलं, महिनाभर खाल्लं. मग एका हाडांच्या डॉक्टरांनी मानेचा एक्सरे काढून मणक्यात गॅप आहे सांगितलं, दोन महिने गळ्यात पट्टा घालून ऑफिसला गेले, काडीचा फरक नाही. नंतर कळलं की चाळिशीच्या आसपास एक्सरे नाहीतर एमआरआय काढला तर कुठलाही त्रास नसलेल्या बऱ्याच माणसांच्या मानेतही थोडीफार झीज दिसते, म्हणजे झीज दिसली म्हणून मुंग्यांचं कारण तीच असं नाही.

शेवटी न्यूरोच्या ओपीडीत एका मॅडमनी विचारलं, करंगळीला येतात का मुंग्या? आणि मला सांगताच येईना! दीड वर्षात मी कधी नीट बघितलंच नव्हतं. त्यांनी कागदावर पंजाचं चित्र काढून दिलं, म्हणाल्या रात्री जाग आली की जिथे बधिर आहे तिथे पेनने रेघा मारा. तीन रात्रींत चित्र स्पष्ट झालं, अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, करंगळी साफ मोकळी. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून जाणारी मीडियन नस दबली की नेमकी हीच बोटं बधिर होतात, यालाच कार्पल टनेल म्हणतात. मग एनसीव्ही केली, छोटे छोटे करंट देऊन नस किती वेगाने संदेश नेते ते बघतात, दोन्ही मनगटांत दाब निघाला. सोबत टीएसएच वाढलेला निघाला, म्हणजे थायरॉइड कमी, आणि त्यानेही हा बोगदा सुजतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. थायरॉइडची गोळी आणि रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, एवढ्यावर डावा हात सुटला. उजव्याचं छोटं ऑपरेशन झालं, फक्त हात बधिर करून, संध्याकाळी घरी.

म्हणून तुम्हीही आधी बोटं बघा. करंगळी आणि तिच्या शेजारची अर्धी अनामिका असेल तर अल्नार नस बहुतेक कोपराशी दबतेय, हात दुमडून तासन्‌तास फोनवर बोलणं, डोक्याखाली हात घेऊन झोपणं, टेबलावर कोपर टेकणं यातून होतं. मान वळवली की खांद्यातून खाली कळ जाते, अंगठ्यापर्यंत किंवा मधल्या बोटापर्यंत, तर मग मानेचा विचार खरा. आणि शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतायत, चालताना तोल जातोय, लघवीवर ताबा राहत नाही, असं असेल तर मानेत मज्जारज्जूवर दाब असू शकतो, त्याला उशीर करू नका.

दोन्ही हात सारखेच आणि पायांनाही मुंग्या, तर व्हिटॅमिन बी12 तपासा. शुद्ध शाकाहारी असाल तर नक्कीच, आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचंही बी12 कमी होतं. हिमोग्लोबिन नॉर्मल आहे म्हणून बी12 नॉर्मल असेलच असं नाही. फक्त एक करा, रक्त आधी द्या, इंजेक्शन नंतर घ्या, कारण आधी इंजेक्शन घेतलं की रिपोर्टमध्ये आकडा भरलेला दिसतो आणि मूळ कमतरता होती का ते कळणं अवघड होतं. डायबिटीसच्या मुंग्या बहुतेक पायांपासून सुरू होतात, तरी फक्त उपाशीपोटीची शुगर केली असेल तर एचबीए1सी पण करून घ्या, त्यात साधारण तीन महिन्यांचा हिशोब कळतो.

अजून एक, जे लोक बोलायला लाजतात. अंगावर कुठे फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी करा. आपल्याकडे तो अजून आहे, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, 6 किंवा 12 महिन्यांत कोर्स संपतो, आणि वेळेत घेतलं तर हात वाचतो. वडाळ्याला पालिकेचं ॲकवर्थ हॉस्पिटल 1890 पासून याच कामासाठी आहे.

आज रात्री उशाशी कागद पेन ठेवून झोपा, आणि करंगळी बधिर होते की नाही तेवढं बघून इथे लिहा, मी वाचते.