चौकातला रॅप पोटापाण्याला लावायचा तर बेळगावात बसून काय काय करावं लागतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २२, राहणार वडगाव, उद्यमबागेत कारखान्यात कामाला. मागे गल्लीच्या मारामारीत नाव आलं, केस अजून कोर्टात आहे. आता मोबाइलवर रॅप करतो, पोरांना आवडतं. मुंबई-पुण्याला न जाता आणि कुठल्या म्युझिक कंपनीच्या दारात उभं न राहता यात करिअर होईल का?

होईल. पण उद्यमबागेतली पाळी इतक्यात सोडू नका. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखाद्या गाण्याला मागच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्याचा पैसाच धरत नाहीत. यूट्यूबच्या जाहिरातीतला वाटा हवा तर १००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तास पाहिलेलं लागतं, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सला १ कोटी व्ह्यूज. तिथं पोचलात तरी १०० डॉलर जमेपर्यंत खात्यात काही येत नाही. आपल्या भागात पहिला पैसा स्टेजवरून येतो, म्हणजे कॉलेजचं गॅदरिंग, गणपती मंडळ, शिवजयंतीचे कार्यक्रम. त्यासाठी चार-पाच पक्की गाणी हाताशी पाहिजेत.

त्याआधी केसचं बघा. त्या भांडणातली माणसं, जागा, हत्यार, तारीख, यातलं काहीही व्हर्समध्ये, म्हणजे रॅपच्या कडव्यात, घेऊ नका. ‘मी असा केला’ ही ओळ चौकात टाळी घेते, पण तुमच्याच आवाजातली ती ओळ समोरच्या वकिलाला आयती मिळते. गल्ली, उपासमार, पोलिसांची गाडी, आईचं जागणं, सगळं लिहा. घटना लिहू नका. दुसरं म्हणजे जामिनाचा आदेश काढून पुन्हा वाचा. कोर्टाच्या परवानगीशिवाय हद्द सोडू नये अशी अट असेल, तर कोल्हापूरचा शो म्हणजे ११० किलोमीटरवरचं दुसरं राज्य आहे. वकिलाकडून आधी अर्ज टाकून घ्या. सीमाप्रश्नावर लिहायचं तर जरूर लिहा, पण कुठल्याही भाषेच्या माणसांना शिवी घालू नका. भाषेवरून दोन गटांत तेढ लावल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली येतो, आणि १ नोव्हेंबरच्या, म्हणजे राज्योत्सव आणि काळ्या दिनाच्या, आसपास आपल्याकडं पोलिसांचं लक्ष जरा जास्तच असतं.

भाषेबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पुणेरी प्रमाण मराठीत रॅप करू नका. ‘खट्टे’ (कुठे) आणि ‘करुलास’ (करतोस) ही तुमची मालमत्ता आहे. मधे कानडी शब्द आला तर येऊ द्या, गल्लीत तसंच बोलतात. फक्त गाणं अपलोड करताना भाषा एकच निवडायची असते. जास्त ओळी मराठी असतील तर मराठीच टाका, नाहीतर गाणं ऐकणाऱ्यांपर्यंत नीट पोचत नाही.

आता रेकॉर्डिंग. नवे लोक इथं हमखास चुकतात ते कंडेन्सर माइक घेऊन. तो खोलीतला सगळा आवाज ओढतो: पंखा, शेजारचा माग, रस्त्यावरची रिक्षा. आवाज शोषायची सोय नसलेल्या खोलीत एसएम५८ सारखा, जवळचाच आवाज घेणारा डायनॅमिक माइक बरा. एक साधा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) आणि हा माइक, दोन्ही नवे घेतले तर साधारण वीस हजार लागतील. जुने बघून घ्या. सॉफ्टवेअरला पैसे घालू नका, बँडलॅब फुकट आहे. माइकच्या मागं नव्हे, स्वतःच्या पाठीमागं गादी किंवा दोन जाड गोधड्या टांगा, कारण माइकचं तोंड तुमच्याकडं असतं आणि तुमच्या मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज सरळ त्यात शिरतो. तोंड माइकपासून चार बोटं लांब आणि थोडं तिरकं ठेवा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंगचा दर्जा निवडता येत असेल तर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. सगळ्यात जोरात म्हटलेल्या शब्दालाही मीटर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. एकदा फाटलेला आवाज मिक्समध्ये सुधारत नाही. बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा किती तुकडा हाताळतो ते) बदलता येत असेल तर रेकॉर्ड करताना १२८ ठेवा, हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येत असेल तर दोष त्याचाच. मिक्स करताना १०२४ करा, म्हणजे लॅपटॉप अडकत नाही. आणि घर पत्र्याचं असेल तर जून ते सप्टेंबर रेकॉर्डिंगचा नाद सोडा. बेळगावच्या पावसात पत्र्याखाली एकही टेक स्वच्छ मिळत नाही. ते चार महिने लिहिण्याचे.

लिहिताना हिशोब ठेवा. ९० बीपीएमवर (मिनिटाला ९० ठोके) १६ बार (चार-चार ठोक्यांचे) म्हणजे जवळजवळ ४३ सेकंद, १४० वर २७. दर चौथ्या बारला श्वासाची जागा सोडली नाही तर स्टुडिओत तुकडे जोडून गाणं होतं, पण स्टेजवर तिसऱ्या ओळीला दम जातो. मुख्य टेक झाल्यावर फक्त ओळींच्या शेवटच्या शब्दांचा दुसरा टेक घ्या. आख्खा व्हर्स दुहेरी केला की शब्द गढूळ होतात.

बीटमध्ये, म्हणजे रॅपमागच्या संगीतात, सगळ्यात जास्त पोरं फसतात. यूट्यूबवर ‘फ्री’ लिहिलेली बीट बहुतेकदा पैसे न कमावण्याच्या अटीवर फ्री असते. स्पॉटिफायवर टाकायची तर लीज (वापरायचा परवाना) विकत घ्या, पावती आणि करार जपून ठेवा, आणि किती स्ट्रीमपर्यंत परवानगी आहे ते वाचा. अशी लीज घेतलेल्या गाण्याला डिस्ट्रिब्युटरच्या (स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणं पोचवणाऱ्याच्या) फॉर्ममध्ये कंटेंट आयडी (यूट्यूबवर तसाच आवाज शोधून दावा लावणारी सोय) चालू करू नका. तीच बीट आणखी पन्नास जणांनी घेतलेली असते. तुमच्या नावानं त्यांच्या गाण्यांवर दावे जातात, भांडण लागतं आणि तुमचंच गाणं उतरतं. गल्लीतलाच कोणी बीट करत असेल तर सगळ्यात उत्तम. गीत ५०, संगीत ५० असं कागदावर लिहून दोघांनी सह्या करा, मैत्री असली तरी.

डिस्ट्रिब्युटर निवडताना एवढं बघा: राऊटनोटच्या फुकट योजनेत ते १५ टक्के ठेवतात आणि ८५ तुम्हाला देतात. डिस्ट्रोकिडला वर्षाची फी आहे आणि ती थांबली की गाणी उतरतात. सुरुवातीला पहिलं पुरतं. कलाकाराचं नाव आधी शोधून बघा. ‘एमसी राजा’ ठेवलंत तर गाणं दुसऱ्याच राजाच्या पानावर चिकटेल. रिलीजची तारीख निदान तीन आठवडे पुढची टाका, कारण स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी गाणं कमीत कमी सात दिवस आधी सुचवावं लागतं. गीतकार म्हणून आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्या. २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारानं काढून घेता येत नाही.

थोडं नाव झालं की एखादा स्थानिक यूट्यूब चॅनेलवाला येईल: ‘व्हिडिओ आम्ही काढतो, गाणं आमच्या चॅनेलवर टाकूया.’ त्यात मूळ रेकॉर्डिंग कुणाचं, किती वर्षांसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी, हे तीन मुद्दे लेखी मागा. मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून चलाख माणूस ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जग’ हे शब्द बारीक अक्षरात आधीच घालून आणतो. अमेरिकेत टोळीच्या वस्तीतून आलेल्या रॅपर निप्सी हसलनं २०१३ मध्ये मिक्सटेपच्या (स्वतः काढलेल्या गाण्यांच्या संग्रहाच्या) १००० प्रती प्रत्येकी १०० डॉलरला विकल्या, तेही कंपनीशिवाय. तो भाव आपल्या गल्लीत कोण देणार, पण रेकॉर्डिंग स्वतःचं होतं म्हणून भाव ठरवणाराही तोच होता, एवढं ध्यानात ठेवा.

शोचं मानधन निम्मं आधी घ्या. मंडळाचा खजिनदार मिरवणुकीनंतर सापडत नाही. कंपनी किंवा कॉलेजनं १० टक्के टीडीएस कापला तर पॅनवर विवरणपत्र भरून उत्पन्नाप्रमाणे तो परत मिळतो.

स्टेजसाठी प्रत्येक गाण्याची वेगळी फाइल करा: हुक (धृपद) आणि अ‍ॅडलिब (ओळींमधले ‘हां’, ‘ये’ असे पुकारे) ठेवायचे, मुख्य आवाज काढायचा. ती पेनड्राइव्हवर एमपी३ मध्ये आणि मोबाइलमध्ये, दोन्हीकडं ठेवा. वीस मिनिटांना पाच गाणी पुरतात. माइकची जाळी मुठीत धरू नका, स्पीकरची शिट्टी तिथूनच सुटते. रात्री १० ला लाउडस्पीकर बंद होतो, म्हणून आयोजकाला आधीच सांगा की माझी वेळ साडेआठची ठेवा, भाषणं नंतर.