एमबीए (एचआर) केलंय, महापालिकेत याच कामात करिअर कसं होतं?

महाराष्ट्रातल्या बहुतेक महापालिकांत 'एचआर' अशी पाटी दिसणार नाही. ते काम सामान्य प्रशासन आणि आस्थापना विभागात चालतं आणि तिथे पोचायचा नेहमीचा रस्ता लिपिकापासून सुरू होतो. पदवी, मराठी टायपिंग 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचं प्रमाणपत्र, एमएस-सीआयटी (संगणकाचा कोर्स) आणि सरळसेवेची म्हणजे थेट भरतीची परीक्षा. पुढे वरिष्ठ लिपिक, अधीक्षक, प्रशासन अधिकारी, सहायक आयुक्त. पदनामं शहरागणिक थोडी बदलतात. उपायुक्तांच्या काही जागा शासनाकडून प्रतिनियुक्तीवर, म्हणजे शासनाचे अधिकारी ठरावीक काळासाठी पाठवून, भरल्या जातात, हे आधीच लक्षात ठेवा.

एमबीए वाया जात नाही, पण खरी किंमत नियमांच्या अभ्यासाला आहे. राज्य शासनाचे 1981 चे रजा नियम, 1982 चे निवृत्तिवेतन नियम, बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या आरक्षणाची, याचा तक्ता), ज्येष्ठता यादी हे ज्याला येतं त्याच्याच टेबलावर सगळे येतात. सेवापुस्तकातली, म्हणजे कर्मचाऱ्याच्या नोकरीच्या नोंदवहीतली, एक नोंद राहिली, समजा जुनी वेतननिश्चिती पडताळलेलीच नाही, तर निवृत्तीच्या वेळी त्या माणसाची पेन्शन अडकते. सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी देण्याची, लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसारची फाईल महिनोन्‌महिने पडून राहिली, तर इकडे त्याच्या घरची चूल थंड असते. म्हणून हे काम मला फार मोलाचं वाटतं.

पदोन्नतीला वेळ लागतो. विभागीय परीक्षा असेल तर ती पहिल्या संधीतच काढा. थेट वरच्या पदावर यायचं असेल तर एमपीएससीतून नगरपरिषदेचे मुख्याधिकारी व्हा, मात्र तिथे आस्थापनेबरोबर पाणी, कचरा, कर सगळंच अंगावर येतं.